लेव्हल वनसाठी चार इंची रॉकेट किट: कोणतं घ्यावं, आणि सरळ उडावं म्हणून त्यात काय बदलावं?

वाळवंटी_वारा (धागाकर्ता)

हौशी रॉकेटवाल्यांच्या लेव्हल वन प्रमाणपत्रासाठी (मोठ्या मोटरी उडवायची पहिली पायरी) किट घ्यायचं आहे. नजरेसमोर तीन आहेत: अपोजी कंपनीचं झेफिर, एलओसी कंपनीचं एलओसी-फोर आणि एलओसीचंच ते गुबगुबीत वॉरलॉक. उडवायचं कॅलिफोर्नियात ल्युसर्न ड्राय लेकवर. सकाळी हवा शांत असते, दुपारी वारा सुटतो. रॉकेट ज्यावरून सुटतं ती १०१० रेल, सहा फुटी आणि आठ फुटी दोन्ही मिळतील. मोटर एरोटेकच्या ३८/२४० केसमधली (३८ मिमी व्यासाचं धातूचं कवच) एच; अक्षर पुढचं तशी मोटर मोठी. पुढे लेव्हल टूला त्याच रॉकेटात जे३५० घालता आली तर उत्तम.

प्रश्न असा की स्थैर्य, म्हणजे तोलाचा बिंदू (सीजी) हवेच्या दाबाच्या बिंदूच्या (सीपी) जेवढा पुढे ते अंतर, एक ते दोन कॅलिबर (बॉडीचे व्यास) हवं असं जिथेतिथे लिहिलेलं असतं. पण किटच्या कागदावर एक आकडा, ओपनरॉकेट या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा आणि बांधलेल्या रॉकेटावर मोजला की तिसरा. धरायचा कोणता? आणि कमी पडलं तर फिन (शेपटीचे पंख) मोठ्या करायच्या की नाकात वजन घालायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भौमितिक

तिसरा. बाकीचे दोन अंदाज आहेत.

सीपी, म्हणजे हवेचा दाब एकवटतो तो बिंदू, बाहेरच्या आकारावरून ठरतो. त्यामुळे फिनला हात लावला नाहीत तर किटच्या कागदावरचा सीपी बऱ्यापैकी चालतो. सीजी मात्र बांधणाऱ्यागणिक बदलतो. कोणी इपॉक्सी हात राखून लावतो, कोणी ओततो. रंगाचे थर, नाक आणि बॉडी जोडणारा जाड दोर, मोटर धरून ठेवणारा धातूचा रिटेनर, मोठा पॅराशूट, सगळं मोजावं लागतं. किट बनवणाऱ्याला तुमच्या हातून फिनच्या मुळाशी किती इपॉक्सी जाणार आहे हे कसं कळणार?

म्हणून क्रम असा ठेवा. रॉकेट रंगासकट पूर्ण बांधा. पॅराशूट घडी घालून जागेवर, दोर आत, संरक्षक कापड आत, भरलेली मोटर मागे, रिटेनर घट्ट. मोटर अजून हातात नसेल तर तेवढ्याच लांबीच्या कागदी नळीत वाळू आणि छर्रे भरून त्याच वजनाची नकली मोटर करा. भरलेल्या मोटरचं वजन मोटरींची माहिती देणाऱ्या थ्रस्टकर्व्हच्या साइटवर मिळतं. मग सुतळीच्या फासात रॉकेट आडवं टांगायचं आणि तोल साधेल तिथे पेन्सिलची खूण करायची. तो तुमचा सीजी. हाच प्रयोग मोटर काढून पुन्हा करा, वजन आणि सीजीची ती जोडी ओपनरॉकेटमध्ये ओव्हरराइड म्हणून घाला. आता सिम्युलेशन तुमच्या रॉकेटाचं झालं, तोपर्यंत ते किटच्या जाहिरातीचं होतं.

सीजी-सीपी दोन्हीच्या खुणा बॉडीवर बाहेरून दिसतील अशा चिकटवा. पॅडआधी तपासणीच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो.

तिसरी_फिन

किटच्या निवडीबद्दल. वॉरलॉक पहिल्यासाठी नको. रॉकेट वाईट आहे म्हणून नव्हे, साडेसात इंची आहे म्हणून. वजनाला आणि हवेच्या अडथळ्याला एच मोटर तोकडी पडते. शिवाय बुटक्या-जाड रॉकेटांचा हिशोब नेहमीच्या सूत्राने चुकतो. जेम्स बॅरोमन यांची १९६६ ची समीकरणं शेपटीमागच्या पोकळीत होणारी ओढ धरत नाहीत. लांबी व्यासाच्या दहापटीहून कमी असेल तर ती ओढ रॉकेट सरळ ठेवायला चांगलीच मदत करते, पण ओपनरॉकेटला ती दिसत नाही. ते सीपी पुढे दाखवतं, तुम्ही घाबरून नाकात अर्धा किलो शिसं भरता आणि मग एच काय, त्याहून मोठी आय मोटरही पुरत नाही.

त्यावर रूढ तोडगा आहे. फाइलची एक प्रत करायची, शेपटीला वजन नसलेला शंकू जोडायचा: पुढचा व्यास शून्य, मागचा व्यास बॉडीएवढा, लांबी व्यास गुणिले π (३.१४). साडेसात इंचाला सुमारे साडेतेवीस इंच. त्या प्रतीतून फक्त सीपी वाचायचा. उंची आणि वेग मूळ फाइलमधूनच घ्यायचे, कारण शंकू ओढीचे आकडे बिघडवतो.

झेफिर आणि एलओसी-फोर दोन्ही चार इंची, कागदी नळी, प्लायवुडच्या फिन. दोन्हीत फिन नळीच्या भिंतीतून आत मोटर माउंटला (मोटर बसते ती आतली नळी) टेकतात, हे महत्त्वाचं. झेफिरचं माउंट ३८ मिमीचं, म्हणजे तुमची केस थेट बसेल आणि पुढे लांब केसही. एलओसी-फोर घेणार असाल तर कोणत्या मापाचं माउंट येतंय ते आधी बघा. माझा कौल झेफिरला.

फायबरग्लासचं किट कोणी सुचवेलच, म्हणून आधीच लिहून टाकतो. पहिल्या एच उड्डाणाला त्याची गरज नाही. जड होतं, रेल सावकाश सोडतं आणि मोठा पॅराशूट मागतं.

खटपट्या

सुचवतोच. फायबरग्लासला ओल लागत नाही, दोर नळीला चिरत नाही, आणि जे३५० च्या वेळी फिनची काळजी नको. एकदाच खर्च.

तिसरी_फिन

दोर चिरण्याचा मुद्दा मान्य. पण दोराने नळी चिरते ती बहुतेकदा पॅराशूट उशिरा किंवा फार लवकर, वेग असताना उघडतो म्हणून. तो मोटरच्या डिलेचा, म्हणजे मोटर विझल्यापासून पॅराशूट बाहेर फेकला जाईपर्यंतच्या वेळेचा, दोष. डिले सिम्युलेशनमधल्या शिखराच्या वेळेला जुळवून छाटला तर कागदी नळीही टिकते. बाकी ज्याची त्याची हौस.

रेलवाला

वाळवंटी_वारा, तुम्ही कॅलिबर विचारलंत, पण त्याच्या जोडीचा आकडा विचारला नाहीत: रेल सोडतानाचा वेग. स्थिर रॉकेटसुद्धा रेलवरून रेंगाळत सुटलं तर वाऱ्याकडे मान टाकतं.

चार इंची, १.६ मीटर लांब रॉकेट धरू. एच मोटर आणि नाकातल्या वजनासकट १.७५ किलो. वरचं रेल बटण (रेलच्या खाचेत सरकणारी गुंडी) सीजीपाशी, शेपटीपासून ६० सेंमीवर. रॉकेट रेलच्या तळापासून १५ सेंमी वर टेकतं. वरचं बटण रेलबाहेर गेलं की रॉकेट एका बटणावर डोलायला मोकळं. म्हणजे आठ फुटी, २.४ मीटरच्या रेलची कामाची लांबी उरली १.६५ मीटर, आणि सहा फुटीची जेमतेम १.०५. सिम्युलेशनमध्ये हेच आकडे टाकायचे, रेलची पूर्ण लांबी टाकली तर वेग फुगलेला येतो.

एच१२३ डब्ल्यूचा सरासरी जोर नावाप्रमाणे १२३ न्यूटन. १२३ भागिले १.७५, वजा ९.८, म्हणजे प्रवेग सुमारे ६० मीटर प्रति सेकंद वर्ग. सहा फुटी रेलवर सुटतानाचा वेग ११.३ मी/से, आठ फुटीवर १४.१. निदान १४ हवा, १६ असला तर निवांत. आता ५ मी/से, म्हणजे ताशी १८ किमी वारा आडवा घ्या. पहिल्या रेलवर हवा नाकाला २४ अंशातून भेटते, दुसऱ्यावर साडेएकोणीस अंशातून. बॅरोमनची समीकरणं लहान कोनांसाठी आहेत, दहाएक अंशांच्या आतली. कोन वाढला की लांब नळी स्वतःच पंखासारखं बल घेऊ लागते आणि सीपी पुढे सरकतो. कागदावरचा दीड कॅलिबर त्या क्षणी दीड नसतो.

आता त्याच ३८/२४० केसमध्ये एच२४२ टी घाला, ब्लू थंडर प्रणोदकाची. प्रवेग दुपटीहून जास्त. आठ फुटी रेलवर २०.६ मी/से, सहा फुटीवरही १६.४. तोच वारा आता साडेतेरा आणि सतरा अंशांतून. रॉकेटाला काही न करता, नुसती मोटर बदलून एवढा फरक. ल्युसर्नला दुपारी उडवायचं असेल तर हीच भरा.

नियमाचं म्हणाल तर एनएआर या अमेरिकी रॉकेट संघटनेच्या सुरक्षा संहितेत उड्डाणावेळचं वजन मोटरच्या सरासरी जोराच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, आणि वारा ताशी २० मैलांवर नको. एच१२३ वर हा नियम ४.१८ किलोपर्यंत जाऊ देतो. ते रॉकेट आठ फुटी रेलवरून ८ मी/सेने बाहेर येईल. नियमात बसेल, पण मी त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभा राहणार नाही.

वाळवंटी_वारा

डोळे उघडले. मग नाकातल्या वजनाचं काय? ते वाढवलं की वेग कमी होतो.

भौमितिक

होतो, म्हणून लागेल तेवढंच. सूत्र सोपं आहे: घालायचं वजन = एकूण वजन × सीजी जेवढा पुढे न्यायचा ते अंतर ÷ नव्या सीजीपासून नाकातल्या वजनापर्यंतचं अंतर.

रेलवाल्यांचंच रॉकेट घेऊ. वजन घालण्याआधी मोटरसकट १.६५ किलो, सीजी नाकाच्या टोकापासून १०५ सेंमीवर, सीपी ११५ वर. व्यास १०.२ सेंमी, म्हणजे जेमतेम एक कॅलिबर. दीड हवं तर सीजी ९९.७ वर आणायचा. वजन टोकापासून १५ सेंमीवर बसणार. १.६५ × ५.३ ÷ ८४.७ = ०.१०३. म्हणजे १०३ ग्रॅम. झालं.

दीडच का, हेही सांगतो. लांब सडपातळ रॉकेटाला एक कॅलिबर फसवा असतो. कॅलिबर हे व्यासाचं माप, पण रॉकेट डोलतं ते लांबीवर. १.६ मीटरला एक कॅलिबर म्हणजे लांबीच्या साडेसहा टक्केसुद्धा नाही. मी लांबीच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरतो, इथे ते दीडच्या जवळ येतं.

आता जे३५० चा प्रश्न. लांब केस एचपेक्षा साधारण ३५० ग्रॅम जड धरा. ती पुढेही पसरते, म्हणून या जादा वजनाचा मध्य टोकापासून १३८ सेंमीवर धरला आहे. सीजी मागे सरकून १०६.१ वर, उरलं ०.८७ कॅलिबर. पुन्हा दीडवर यायला आणखी १६० ग्रॅम. एकूण २६३. पण तेच वजन ठेवून एच उडवलीत तर २.२ कॅलिबर होतात आणि वेगही घटतो. अतिस्थिर रॉकेट वाऱ्यात जास्त वळतं, शिखर मैदानाच्या कडेला होतं, मग चालत राहा.

म्हणून वजन काढता-घालता यावं असं करा. हा एकच बदल सुचवायचा झाला तर मी हाच सुचवेन.

सोलापुरी_सुतार

ते कसं करायचं ते मी लिहितो.

प्लास्टिकच्या नोजकोनचा मागचा तळ कापून काढा, खांदा शाबूत ठेवून. टोकाच्या आत सँडपेपर फिरवा, पण निव्वळ त्यावर विसंबू नका. या प्लास्टिकला इपॉक्सी धरत नाही, वाळल्यावर गोळा सुटा होऊन आत खुळखुळतो. टोकाजवळ आरपार दोन बारीक भोकं एकमेकांना काटकोनात पाडा आणि त्यांतून बांबूच्या काड्या घाला. इपॉक्सी त्यांच्याभोवती जमला की अडकतो. बाहेर आलेली टोकं कापून भोकांवर लांबी (पुट्टी) भरून घासा.

मग एम६ चा आटे पाडलेला रॉड मधोमध उभा करून इपॉक्सी ओता. एका वेळी २० ते ३० ग्रॅम, मधे थंड होऊ द्या. एकदम ओतलात तर इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि नाकाचं टोक वितळून वाकडं होतं. कायमचे छर्रे घालायचे तर याच थरांत, १०० ग्रॅमपर्यंत. बाकीचं वजन रॉडवर मोठ्या वॉशरांच्या थप्पीने, शेवटी नायलॉनवाली लॉकनट. वॉशर हलता कामा नये. पॅराशूट उघडताना ५० जीचा, म्हणजे गुरुत्वाच्या ५० पट हिसका बसला तर २६३ ग्रॅमचं ओझं १३ किलोसारखं ओढतं.

खांद्यात ६ मिमी प्लायवुडची चकती इपॉक्सीने बसवा, रॉड तिच्यातून आरपार, बाहेरून वॉशर आणि आय-नट. दोर आय-नटला. नोजकोनला साच्यातच आलेली प्लास्टिकची कडी असते, तिला दोर बांधू नका. वजनदार नाकापुढे ती टिकत नाही. चकतीत वॉशर काढघाल करण्यापुरतं भोक ठेवा, किंवा चकती चार स्क्रूंवर काढता येईल अशी करा.

आणि मागच्या बाजूला हात आवरा. फिनच्या फिलेटला गरजेपेक्षा ५० ग्रॅम इपॉक्सी जास्त गेला तर तो परत तोलायला नाकात २७ ग्रॅम लागतात. म्हणजे ७७ ग्रॅम फुकट.

खटपट्या

फिन मोठ्या केल्या तर? वजनाची कटकटच नको.

भौमितिक

होईल, पण सगळ्या बाजूंनी नाही. सूत्रात फिनच्या बाहेर आलेल्या उंचीचा व्यासाशी असलेल्या गुणोत्तराचा वर्ग येतो. त्यामुळे फिन बाहेरच्या दिशेने वाढवली तर सीपी झपाट्याने मागे जातो, नळीलगत लांब केली तर फारसा नाही. आता तोटे: वाढलेलं प्लायवुड शेपटीला, म्हणजे सीजीही मागे. उंच पातळ फिन वेगात फडफडते. आणि वाऱ्यासाठी तुम्ही शीड मोठं केलंत. रेल सोडताना वेग कमी असेल तर मोठी फिन रॉकेटाला जास्त चटकन वाऱ्यात वळवते.

त्यापेक्षा नाक आणि बॉडीच्या मध्ये ३० सेंमीची नळी कपलरने जोडा. सीपी थोडा पुढे येतो, पण नाकातलं वजन सीजीपासून लांब जातं, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅमांत जास्त काम होतं. पुढे उंची मोजणारा अल्टिमीटर बसवून दोन पॅराशूट करायचे झाले तर जागा तयारच.

फिन बदलायच्याच असतील तर मागे शेपटीबाहेर निघणारा आकार टाळा. सीपीला बरा, पण जमिनीवर पहिला घाव त्याच टोकावर बसतो. आणि प्रमाणपत्रासाठी रॉकेट पुन्हा उडेल अशा अवस्थेत परत आणावं लागतं.

रेलवाला

फिन लावताना दोन गोष्टी. नळीवरचा चकचकीत थर फिनच्या रेषेत सँडपेपरने खरवडून काढा, नाहीतर इपॉक्सी त्या थराला चिकटतो आणि थर कागदापासून सुटतो. आणि फिन फाटीत सैल बसत असेल तर नुसत्या डोळ्याने सरळ करू नका, खाचा कापलेला पुठ्ठ्याचा साचा करा. एक फिन अंशभर तिरकी असली तरी रॉकेट गिरकी घेतं. गिरकीने पडत नाही, पण दोर पिळतो आणि पॅराशूट अर्धवट उघडतो.

बटणं: खालचं मागच्या सेंटरिंग रिंगवर (मोटर माउंट मध्यभागी धरणारी चकती), वरचं सीजीच्या जरा मागे. आतून लाकडी ठोकळा किंवा टी-नट, नुसत्या कागदी भिंतीत स्क्रू नको. एल आकाराची पट्टी नळीला टेकवून रेषा मारा. दोन बटणं एका रेषेत नसली तर रेलमध्ये घासतात आणि मघाचा सगळा हिशोब पाण्यात. तिसरं बटण लावू नका, त्याने अडकण्याची शक्यताच वाढते.

उत्तरायण

एक राहिलं. नाक जड केलं की मोटर विझताच नवीन घोटाळा होऊ शकतो. मोठ्या फिनचा मागचा भाग हवेने लवकर मंदावतो, जड नाक आपल्या वेगाने पुढे निघतं आणि सांधा सुटतो. पॅराशूट भलत्या वेगात बाहेर. शिवाय वर जाताना बाहेरचा दाब उतरतो, आतली हवा नाकाला ढकलते. दुसऱ्यासाठी पॅराशूटच्या कप्प्याला ३ मिमीचं एक भोक पुरतं. पहिल्यासाठी सांध्यावर मास्किंग टेप: नाक धरून अख्खं रॉकेट उचललं तर सुटू नये, हिसका दिला तर सुटावं. पॅराशूट मोटरमधल्याच चार्जने (बाहेर ढकलणाऱ्या छोट्या स्फोटाने) उघडायचा असेल तर शिअर पिनांच्या (हिसक्याने तुटणाऱ्या खिळ्या) भानगडीत पडू नका.

पॅराशूट ११५ सेंमीच्या आसपास, साधा सपाट असेल तर. जळून उरलेलं दीड-पावणेदोन किलो साडेपाच-सहा मी/सेने उतरेल. किटमधला इलॅस्टिक दोर असेल तर तो काढा, अर्धा इंची नळीदार नायलॉन घाला, रॉकेटाच्या लांबीच्या तिप्पट तरी. मोटरकडचा पहिला हातभर केव्हलार, कारण नायलॉन तिथे जळतो.

नागपुरी_संत्रं

वाखूसा (वाचनखूण साठवली). अवांतर: अशी मोटर भारतात मागवता येते का?

तिसरी_फिन

किटच्या नळ्या-फिन मागवण्यात स्फोटकांचा प्रश्न नाही. मोटरमध्ये प्रणोदक असतं, ते १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ च्या नियमांखाली येतं. आयात, साठवण, वापर, सगळ्याला परवाना. देणारी पेसो ही केंद्र सरकारची स्फोटकांवर देखरेख करणारी संस्था, तिचं मुख्यालय तुमच्याच गावात आहे. एकट्यादुकट्याने नादी लागण्यापेक्षा परवानगी काढणाऱ्या महाविद्यालयीन चमूबरोबर काम करा. घरी प्रणोदक शिजवण्याबद्दल इथे कोणी काही लिहू नये, संपादक धागा उडवतील आणि योग्यच करतील.

वाळवंटी_वारा

ठरलं: झेफिर, नाकात रॉड आणि वॉशर, मोटर एच२४२, आठ फुटी रेल. एक शंका. वजन दीड किलोच्या वर जातंय, त्याने परवानगीत काही फरक पडतो का? आणि मोटर जळताना सीजी हलतो त्याचं काय?

भौमितिक

एफएएच्या (अमेरिकेचं हवाई वाहतूक प्रशासन) नियमात १५०० ग्रॅम किंवा १२५ ग्रॅम प्रणोदक ओलांडलं की क्लास टू. त्याला हवाई क्षेत्राची मंजुरी असलेलंच मैदान आणि दिवस लागतो. क्लबचा ठरलेला लाँच असेल तर ती क्लबने काढलेली असते, पण त्या दिवसाची उंचीची मर्यादा विचारून घ्या.

प्रणोदक शेपटीत असतं, जळेल तसा सीजी पुढे येतो, स्थैर्य वाढतच जातं. सगळ्यात नाजूक क्षण रेल सोडतानाचा, म्हणून सगळे आकडे भरलेल्या मोटरचे. जे३५० च्या वेळी सिम्युलेशनमध्ये वेग माख ०.८ च्या (आवाजाच्या वेगाच्या ०.८ पट) वर दिसला तर पुन्हा विचारा, तिथे सीपीचं गणित वेगळं होतं.

सोलापुरी_सुतार

आणि जे३५० ची केस विकत घेण्याआधी तिच्या लांबीची लाकडी दांडी माउंटमधून वर सरकवून बघा. केस माउंटच्या पुढे किती येते आणि वर पॅराशूट व दोराला किती जागा उरते ते कळेल. घडी कोंबावी लागत असेल तर ३० सेंमीची ती जादा नळी तेव्हाच लावा. मग सीपी, सीजी, वॉशर सगळं पहिल्यापासून मोजायचं.